जहाजाच्या बुडाला चिकटून येणारे संकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्राचे प्रदूषण म्हटले की आपल्याला तेलगळती आठवते, प्लास्टिक आठवते. पण सांडलेले तेल निदान स्वतःहून वाढत तरी नाही. परक्या समुद्रातून आलेला जीव नव्या पाण्यात रुजला, की तो वर्षागणिक वाढत जातो. त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

रिकामे जहाज डगमगू नये म्हणून बंदरातले पाणी टाक्यांत भरून घेते आणि दुसऱ्या बंदरात माल चढवताना ते सोडून देते. या बॅलास्ट पाण्यातून अळ्या, अंडी, सूक्ष्म शेवाळे हजारो मैल प्रवास करतात. काळ्या समुद्राचे जे झाले ते असेच. अटलांटिकच्या अमेरिकी किनाऱ्यावरचा नेमिऑप्सिस हा जेलीफिशसारखा दिसणारा पारदर्शक जीव १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पोहोचला. एकच प्राणी नर आणि मादी दोन्ही असतो आणि दिवसाला हजारो अंडी घालू शकतो. माशांची पिल्ले ज्या सूक्ष्म प्राण्यांवर वाढतात ते तर त्याने फस्त केलेच, शिवाय माशांची अंडी आणि अळ्याही सोडल्या नाहीत. दशक संपेपर्यंत तिथली अँचोवीची (आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा) मासेमारी कोसळली. अतिमासेमारीचाही त्यात वाटा होता, हे मान्य. पण आधीच खंगलेल्या समुद्राला हा पाहुणा झेपला नाही. १९९७मध्ये त्यालाच खाणारा बेरोए हा दुसरा परका जीव योगायोगाने तिथे आला, तेव्हा कुठे परिस्थिती थोडी सावरली. असा योगायोग काही धोरण म्हणून धरता येत नाही.

मला खरे बोलायचे आहे ते परका जीव पहिल्यांदा दिसल्यानंतरच्या काही दिवसांबद्दल. १९८४मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्यावर, समुद्रविज्ञान संग्रहालयाच्या खालीच, कौलेर्पा या शेवाळाचा जेमतेम एक चौरस मीटरचा पट्टा आढळला. मत्स्यालयात वाढवलेला, थंड पाण्यातही तगणारा हा वाण होता. तुटलेल्या छोट्या तुकड्यातूनही तो नव्याने फुटतो. एक चौरस मीटर! दोन माणसांनी एका दिवसात उपटून टाकला असता. पण कुणी हात लावला नाही आणि नंतर तो कुठून आला यावर वाद झडत राहिले. पुढच्या दीड दशकात तो भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरला आणि समुद्री गवताची कुरणे त्याच्याखाली दबली. नंतर काही ठिकाणी तो आपोआप ओसरला, पण तोवर हटवण्याची वेळ कधीच निघून गेली होती. हेच शेवाळ २००० साली कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात सापडले, तेव्हा तिथे काही दिवसांतच त्यावर ताडपत्र्या अंथरून आत क्लोरीन सोडला गेला. सहा वर्षांच्या पाहणीनंतर, २००६मध्ये ते संपल्याचे जाहीर झाले.

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदराचे उदाहरण मला त्याहून मोलाचे वाटते. १९९९मध्ये तिथल्या नौकातळांत, म्हणजे छोट्या नौका उभ्या करण्याच्या बंदिस्त जागांत, काळ्या पट्ट्यांचे परके शिंपले सापडले. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत ते नव्हते. आता मात्र दाटीवाटीने चिकटून बसले होते. सरकारने तातडीने नौकातळ बंद केले, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद सोडले, तिथून बाहेर पडलेल्या नौका शोधून तपासल्या. आतले सगळेच जीव मेले, ही किंमत मोठीच होती. पण ते शिंपले महिन्याभरात संपले. वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक खर्च आला. तो जास्त वाटत असेल, तर जिथे असे शिंपले कायमचे ठाण मांडतात तिथे कारखान्यांचे पाण्याचे पाइप आणि नौकांची बुडे खरवडण्यावर वर्षानुवर्षे किती खर्च होतो, ते पाहावे.

आणि हा खर्च भरतो कोण? जहाजाच्या भाड्यात तो कधीच धरला जात नाही. सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रात शिरलेला केंडमाशाच्या कुळातला विषारी मासा जाळी फाडतो, जाळ्यात अडकलेले मासे कुरतडतो. सायप्रस आणि तुर्कस्तानात तो पकडून देणाऱ्यांना सरकार पैसे देते, म्हणजे करदाते देतात. फाटलेले जाळे मात्र मच्छीमाराच्याच पदरी. कॅरिबियन समुद्रात पसरलेला लायनफिश हा परका मासा खाऊन संपवा, अशा मोहिमा निघतात. त्यामागचा हेतू चांगला आहे, पण पाणबुडे जाऊ शकत नाहीत अशा खोलीवरही तो असतो. शिवाय एकदा त्याची बाजारपेठ उभी राहिली, की तो संपावा असे कुणाला वाटेल?

बॅलास्ट पाण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार २००४मध्ये झाला आणि अमलात यायला सप्टेंबर २०१७ उजाडले. तेरा वर्षे! तरी आता निदान पाणी शुद्ध करूनच सोडण्याचे बंधन आहे. जहाजाच्या बुडाला चिकटून येणाऱ्या शिंपल्यांबाबत मात्र आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०११मध्ये दिली आणि २०२३मध्ये सुधारली ती केवळ मार्गदर्शक तत्त्वे. न्यूझीलंडने २०१८पासून स्वच्छ बूड सक्तीचे केले आहे, म्हणजे हे अशक्य नाही. स्वच्छ बुडाला इंधनही कमी लागते, तेव्हा जहाज कंपन्यांनी कुरकुर करण्याचे कारण नाही.

माझी मागणी साधी आहे. बुडाच्या स्वच्छतेची सक्ती सर्व देशांत व्हावी आणि बंदरशुल्कातून एक राखीव निधी असावा, म्हणजे परका जीव दिसल्यावर मंजुरीची वाट पाहत महिने जाणार नाहीत. त्याहूनही आधी प्रत्येक मोठ्या बंदरात दर सहा महिन्यांनी पाण्याखाली उतरून पाहणी व्हावी. डार्विनमध्ये शिंपले नवे आहेत हे कळले, कारण कुणीतरी आधी उतरून पाहिले होते आणि त्यांना ते ओळखता येत होते. असे जीव ओळखणाऱ्या माणसांची पदे आधी भरा.

आपली विश्वासू,
एक वाचक