टायटस सॉल्टबद्दल थोडं लिहायला हवं

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

इंग्लंडमध्ये मुलाकडे लीड्सला गेलो होतो तेव्हा जवळच सॉल्टेअर, म्हणजे टायटस सॉल्टने कामगारांसाठी वसवलेलं गाव, बघून आलो, आणि तेव्हापासून हा माणूस काही डोक्यातून जात नाहीये. टायटस सॉल्ट, जन्म १८०३, लोकरीचा व्यापारी. अल्पाका या दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्याची, कुणी हात न लावणारी लोकर त्याने घेतली आणि त्यातून इतका पैसा केला की विचारू नका. पण त्याच्या गिरण्या होत्या ते तेव्हाचं ब्रॅडफर्ड शहर म्हणजे नुसता धूर आणि घाण, १८४९ ला तिथे कॉलरा आला, आणि सॉल्ट त्याच सुमारास मेयर होता. धूर कमी करणारी भट्टी त्याने स्वतःच्या गिरणीत बसवली, बाकीच्या मालकांना पण सांगून बघितलं, कुणी ऐकेना.

मग सरळ शहराबाहेर एअर नदीकाठी, आताच्या सॉल्टेअरला, नवी गिरणी काढली, १८५३ ला, आणि बाजूला कामगारांसाठी आठशेवर दगडी घरं, शाळा, दवाखाना, म्हाताऱ्यांसाठी घरं. घराघरात पाणी! रस्त्यांना बायको-मुलांची नावं. दारूचं दुकान मात्र नाही, हा हट्ट मला थोडा जाचक वाटतो, कारण राहायचं मालकाच्या घरात आणि वागायचं पण त्याच्याच नियमाने.

१८५९ ला खासदार झाला, पण तिथे काही रमला नाही, तब्येतही साथ देईना, दोन वर्षांत राजीनामा. पार्लमेंटमध्ये फारसं बोललाच नाही म्हणतात, पण ती घरं अजून उभी आहेत, लोक राहतात त्यात, मी दारात वाळत घातलेले कपडे बघितले.

आपला, एक नियमित वाचक