पुस्तक उलटं धरणाऱ्या पाहुणीकडून

आजी,

सप्रेम नमस्कार.

बर्लिनच्या पेस्टालोत्सी रस्त्यावरच्या सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनाघरात, त्या शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या शेजारी बसले होते ती मी. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, आणि जर्मनमध्ये ‘डांके’च्या पुढे माझी गाडी जात नाही. म्हणून मराठीतच लिहितेय. भाची याचं जर्मन करून देणार आहे.

प्रार्थनेचं पुस्तक मी उलटं धरलं होतं. तुम्ही हसला नाहीत. हातातून घेतलंत, उजवीकडून उघडलंत आणि ओळीखाली बोट ठेवलंत. तेवढ्यात ऑर्गन सुरू झाला. मी अलिबागची. तिथल्या ज्यूंच्या इस्रायल आळीतून जाता-येता प्रार्थना कानावर पडायची, पण ती वाद्याशिवाय, सगळ्यांची एका सुरात. इथे कॅन्टरने, म्हणजे प्रार्थना गाणाऱ्या मुख्य गायकाने, ओळ म्हटली की स्त्री-पुरुषांचा कॉयर, म्हणजे गायकवृंद, ती उचलायचा. बुवांमागे टाळकरी धरतात ना, तशी. पण टाळकऱ्यांची चाल एकच असते. इथे चार आवाज चार वाटांनी निघाले. खर्जातले पुरुष भलतीकडेच भरकटलेत असं मला वाटेपर्यंत सगळे एका जागी येऊन टेकले!

“लेवांडोव्स्की,” तुम्ही कुजबुजलात. 1866 मध्ये ओरानियेनबुर्गर रस्त्यावरचं मोठं सिनेगॉग उघडलं, तिथल्या कॉयरचे हे संगीतकार. तुमचं सिनेगॉग 1938 च्या नोव्हेंबरात पेटवलं होतं, 1947 मध्ये ते पुन्हा उघडलं, हे मी घरी येऊन वाचलं. चाली मात्र त्याच.

गाणं संपलं आणि माझे हात टाळीसाठी वर आले. तुम्ही ते अलगद खाली दाबलेत. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मैफल समजून बसले होते मी.

मग ‘लेखा दोदी’ हे गाणं आलं. त्याच्या शेवटच्या कडव्याला सगळे उठून दाराकडे वळले, शब्बाथ-नवरीच्या स्वागताला; शब्बाथ म्हणजे तुमचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, तो नवरीसारखा येतो. मी एकटीच पुढे तोंड करून उभी. तुम्ही कोपर धरून वळवलंत. नंतर कडव्यांच्या पहिल्या अक्षरांवरून बोट फिरवत कवीचं नाव दाखवलंत: श्लोमो हलेवी. आमचे तुकोबा शेवटी ‘तुका म्हणे’ म्हणून मोकळे होतात. हे गृहस्थ आठ कडवी लपून बसलेत!

जानेवारीत पुन्हा येतेय. शेजारची जागा धराल ना? पुस्तक या खेपेला मी उघडेन.

तुमची,
अलिबागची पाहुणी