दानाआधी चौकशी हवी

संपादक महोदय,

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ आला की ठाणे-नवी मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत मोबाइलवर आवाहने येऊ लागतात : आजारी मुलाचा फोटो, खाली क्यूआर कोड. कुणी डोळे झाकून पैसे पाठवतो, कुणी फसवणुकीच्या धास्तीने हात आखडतो. दोन्हींत खऱ्या गरजूचेच नुकसान होते.

पैसे व्यक्तीच्या खात्यात टाकण्याऐवजी रुग्णालयाच्या बिल काउंटरवर, रुग्णाचा नोंदणी क्रमांक सांगून भरावेत. पावती त्याच्याच नावाने घ्यावी. त्याही आधी तिथल्या समाजसेवा विभागात चौकशी करावी. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला सोबत न्यावा. ही सोय न विचारताच वर्गणी काढली, तर जमलेली रक्कम बिलातच संपते आणि घरी परतल्यावर औषधांना काही उरत नाही.

चौकशी म्हणजे अविश्वास, हे मला अजिबात पटत नाही. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटपात दुर्लक्ष झाल्याची तक्रार आली, तेव्हा वाटप थांबले नाही, त्यासाठी सुज्ञ, नावलौकिकाची सात माणसे नेमली गेली. प्रेषित पौलानेही वर्गणी पोचवताना विश्वासू माणसे सोबत दिली. आपल्या धर्मग्रामांतही, म्हणजे एकेका चर्चच्या स्थानिक समुदायातही, गरजूंच्या घरी दोघांनी मिळून जावे, रक्कम दोघांच्या सहीने द्यावी. महिन्याचा जमाखर्च फलकावर लावावा, मात्र मदत घेणाऱ्यांची नावे त्यात नकोत.

– एक ख्रिस्ती वाचक, ठाणे