‘मणक्यात गॅप’ या शब्दाची भीती

मा. संपादक,
स. न.

कंबर धरली की माणूस आडवा होतो आणि बऱ्याचदा आठवडाभरात त्याच्या हातात एमआरआयचा अहवाल येतो. त्यात ‘डिस्क डीजनरेशन’ (दोन मणक्यांमधल्या चकतीची, म्हणजे गादीची झीज) किंवा ‘बल्ज’ (चकतीचा फुगवटा) लिहिलेलं असतं. घरी सांगताना त्याचं ‘मणक्यात गॅप आलीय’ होतं, आणि मग तो माणूस वाकायला, उचलायला, चालायलाही घाबरू लागतो. आरोग्याच्या पानांवर कंबरदुखीविषयी पुष्कळ छापून येतं, पण या भीतीविषयी फारसं येत नाही, म्हणून हे पत्र.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटी ३० लाखांवर जाईल असा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा त्रास अधिक होतो. दहापैकी नऊ जणांत फ्रॅक्चर, जंतुसंसर्ग, गाठ असं बोट ठेवण्याजोगं कारण सापडत नाही. याचा अर्थ दुखणं खोटं आहे असा मुळीच नाही. स्नायू, सांधे, अस्थिबंध (हाडांना जोडणारे पट्टे) आणि चकती एकमेकांना इतक्या लगटून आहेत की नेमकं कोण दुखतंय हे तपासणीत वेगळं काढता येत नाही, एवढंच.

आता ‘गॅप’. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, चकती दिसत नाही. त्यामुळे दोन मणक्यांच्या मधली जागा रिकामी वाटते. ती जागा असायलाच हवी, कारण चकती तिथेच असते. झीज होते तेव्हा ही फट कमी होते, वाढत नाही. ‘गादी सरकली’ हेही तसंच. चकती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, ती घसरत नाही. तिच्या कडेतून आतला मऊ भाग बाहेर येऊ शकतो, आणि तोही अनेकदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज दिसली आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांत. विशीतच ३० टक्क्यांना ‘बल्ज’ होता. हे आकडे अहवालाखाली छापले, तर कितीतरी लोक निश्चिंत होतील.

मग दुखतं कशाने? वजन किती यापेक्षा ते शरीरापासून किती लांब, हे महत्त्वाचं. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. १० किलोचं ओझं ५० सेंटिमीटर लांब धरलं की त्या स्नायूंना जवळपास १०० किलोचा जोर लावावा लागतो. तेच पोटाशी, २० सेंटिमीटरवर आणलं की ४० किलो पुरतात. वाकलेल्या धडाचं स्वतःचं वजन वेगळंच. उचलता उचलता कंबरेतून वळणंही टाळावं, पावलं फिरवावीत. रात्रभरात चकती पाणी शोषून फुगते, म्हणून उठल्यावर पहिला तासभर खोल वाकून जड उचलू नये. गाडीचे हादरे तासन्‌तास सोसणाऱ्या चालकांना हा त्रास जास्त होतो. धूम्रपानाचा संबंध अनेकांना पटत नाही. पण प्रौढ माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, तिचं पोषण मणक्यांच्या बाजूने झिरपून येतं, आणि तंबाखूच्या धुराने त्या बारीक वाहिन्या आखडतात. जादा वजन, अपुरी झोप, सततची चिंता यांनीही दुखणं रेंगाळतं. खुर्चीत ‘योग्य’ एकच बैठक शोधत बसण्यात अर्थ नाही. अर्ध्या तासाने उठावं, ही सवय जास्त उपयोगी.

अंथरुणाला खिळून राहणं मात्र थांबायला हवं. १९९५ च्या फिनलंडमधल्या अभ्यासात अचानक कंबर धरलेल्यांपैकी जे झेपेल तेवढी रोजची कामं करत राहिले, ते दोन दिवस झोपून राहिलेल्यांपेक्षा लवकर सावरले. २०२४ च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत दुखणं ओसरल्यावर हळूहळू वाढवत आठवड्यातून ५ वेळा ३० मिनिटं चालण्याचं उद्दिष्ट दिलं गेलं. त्या गटातल्या निम्म्या लोकांचं दुखणं परतायला २०८ दिवस लागले, असं उद्दिष्ट न दिलेल्या गटात ११२. दीर्घकाळच्या कंबरदुखीत कंबरपट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणण्याचा उपचार) यांचा सरसकट वापर करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

घाबरायचं कधी, हे मात्र प्रत्येकाला माहीत हवं. लघवी अडणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत व बैठकीच्या भागात बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं: यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. कंबरदुखीबरोबर ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं असेल, तरीही लगेच दाखवावं. कंबरदुखीवर लेख छापाल तेव्हा ही लक्षणं दरवेळी चौकटीत, ठळक अक्षरांत द्यावीत, ही विनंती.

— भौतिकोपचार क्षेत्रातील काही वाचक