दीड तासाचं अंतर

मुलुंड, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

चार महिने तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या दे. माझी शुगर ठीक आहे. पण मंगळवारी जे झालं ते तुलाच कळेल.

साडेचारला शेजारच्या काकूंचा फोन आला. आईच्या छातीत दुखतंय, धंतोलीला नेतोय. 8.40चं विमान मिळालं. मुंबई ते नागपूर हवेतून 700 किलोमीटरसुद्धा नाही, वेळापत्रकात दीड तास. पाचला घर सोडलं आणि पवईच्या रस्त्यावर टॅक्सी जी अडकली, ती सातला विमानतळावर. मग बॅगा, तपासणी, बसून राहणं. आत बसलो तर धावपट्टीसाठी रांग. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. मी खिडकीतून पुढच्या विमानांचे दिवे मोजत होतो. हवेत होतो फक्त सव्वा तास. सोनेगावला उतरून दवाखान्याच्या पायऱ्या चढलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. पावणेसात तास, बाळ्या! समृद्धीने 701 किलोमीटर गाडी हाकली असती तरी आठेक तासच लागले असते.

आई आता घरी आहे, पथ्य पाळत नाही. पण नर्स म्हणाली, त्या संध्याकाळी ती सारखी विचारत होती, "निघाला का?" आणि मग आपणच सांगायची, "दीड तासात येतो."

तेव्हा मला अंबाझरी घाट आठवला. 2009. तू मुंबईहून पोचलास तेव्हा काकांना नेऊन झालं होतं, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "विमानाने दीड तास तर लागतो बे, एवढा उशीर?" तू सहा महिने बोलला नाहीस. मी तुला ताठ म्हणत हिंडलो, हिस्लॉपच्या कट्ट्यावर तुझ्याविरुद्ध माणसं गोळा केली. मी तोवर नागपूर सोडलंच नव्हतं रे. चुकलो. मनापासून माफी मागतो.

सातवीच्या भूगोलात 'नागपूर ते मुंबई किती अंतर?' याला तू 'खूप' असं उत्तर लिहिलं होतंस आणि सरांनी भोपळा दिला होता. पेपर माझ्याकडे आला असता तर पैकीच्या पैकी दिले असते.

आई इकडे यायला तयार नाही. "तुमच्या मुलुंडात पारिजात कुठे लावू?" म्हणते. तिचं चुकत नाही, पण मला झोप लागत नाही. रोज रात्री नागपूरचं शेवटचं विमान कितीचं आहे ते बघतो. ते गेलं की सकाळपर्यंत कसला आधार? विदर्भ एक्सप्रेस तर संध्याकाळीच निघून गेलेली असते, आणि मिळाली तरी 837 किलोमीटरला अख्खी रात्र. फोन उशाशी ठेवतो, वाजला की काळजाचं पाणी होतं. परवा दुधवाल्याचा होता.

तू बंगळूरला असताना काकूंचं कसं निभावलंस? रात्री फोन आला की आधी कुणाला पाठवायचास? हे तुला कधी विचारलंच नाही मी. सगळं सविस्तर लिही.

छोटीची बारावी कशी गेली? वहिनींची बदली झाली का? दोघींना आशीर्वाद आणि नमस्कार ज्याचा त्याला दे.

दिवाळीत मी दहा दिवस नागपूरला आहे. आईने तुला फराळाला बोलावलंय. ये.

तुझाच,
विन्या