मोत्याला फाटकाशी बांधू नका

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, कंपाउंडची भिंत दोन फूट वाढवायचं तुमच्या मनात आहे, पण तो खर्च करू नका. सहा-सात फुटांची भिंत बिबट्या सहज ओलांडतो, तोंडात कुत्रं असलं तरी ओलांडतो. तेच पैसे मोत्या आणि राणी या आपल्या दोन्ही कुत्र्यांसाठी पक्क्या पिंजऱ्यात घाला.

आणि मोत्याला रात्री फाटकाशी साखळीने बांधणं आजपासून बंद. बिबट्या दबा धरून येतो आणि थेट मान पकडतो. सुटं कुत्रं निदान ओसरीवर पळून येतं, बांधलेल्याला तेवढीही सोय नसते. मग राखण कोण करणार, असं तुम्ही म्हणाल. बंद पिंजऱ्यातलं कुत्रंही तेवढंच भुंकतं, आणि सकाळी जिवंत असतं. जुन्नर काय, अकोले काय, आपल्या ऊसपट्ट्यात कुत्रं हे बिबट्याचं रोजचं खाणं आहे. अकोल्याकडे विष्ठा तपासून केलेला अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. बिबट्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के कुत्रीच निघाली, शेळ्या त्याहून कितीतरी कमी.

पिंजरा घराच्या भिंतीला लागून, तुमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीजवळ घ्या. गोठ्यामागे नको, तिथलं रात्री काही ऐकू येत नाही. दोन कुत्र्यांना सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि पाच फूट उंच पुरे. उंची कमी केली तर आईला वाकून झाडता येणार नाही, आणि मग ते झाडलंच जाणार नाही. खाली चार इंचांचा काँक्रीटचा कोबा, बाहेरच्या बाजूला इंचभर उतार. नुसती माती ठेवली तर कुत्री आतून उकरतात आणि फट तयार होते.

कोब्यावर तीन बाजूंनी अडीच फूट विटांची भिंत, चौथी बाजू घराची. ही भिंत खर्चिक वाटेल, पण ती वगळू नका. कुत्रं झोपतं ते जाळीला अंग टेकून. खालपर्यंत जाळी असली तर बाहेरून पंजा घालून नखांनी त्याला ओढता येतं, कुलूप न तोडता. भिंतीच्या वर ३५ मिमीच्या काटकोनी लोखंडी अँगलचा सांगाडा आणि त्याला दहा गेजची वेल्ड जाळी, भोक दीड-दोन इंचांहून मोठं नको. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे दुकानात लक्षात ठेवा. ‘चौदा गेज म्हणजे जास्त मजबूत’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दहा गेजची तार सव्वातीन मिमी जाड असते. कोंबड्यांची षटकोनी जाळी इथे निरुपयोगी. चेनलिंक, म्हणजे कुंपणाची विणलेली जाळी, बाइंडिंग तारेने बांधली तर एका कोपऱ्याची तार सुटली की सगळी सैल पडते. जाळीची कड अँगल आणि पट्टीच्या मध्ये धरून, दर चार इंचांवर वेल्ड मारून घ्या.

छताला आधी तीच जाळी, मग वर पत्रा. सिमेंटचा पत्रा नको, बिबट्या उडी मारून उतरला की फुटतो. लोखंडी पत्रा हुकावरून उचकटू शकतो, म्हणून खरी राखण जाळीचीच. एप्रिल-मेमध्ये पत्रा तापेल, तेव्हा वर पाचटाचा जाड थर अंथरा.

दार दोन बाय तीन फुटांचं, बाहेर उघडणारं, बंद झाल्यावर चौकटीत टेकणारं. कड्या दोन हव्यात, एक वर, एक खाली. मधोमध एकच कडी असली की खालचा कोपरा वाकतो. दाराखालची फट इंचभराहून जास्त ठेवू देऊ नका. कडीत बोल्ट घाला, नुसती सरकवलेली कडी हादऱ्याने सरकते.

पहिला आठवडा दार उघडं ठेवून तिथेच जेवण द्या, म्हणजे कुत्री आपणहून शिरतील. नंतर दिवस मावळायच्या आत खायला घालून बंद करा, उरलेलं उचला. आत गळ्यातला पट्टा काढा, जाळीत अडकून फास बसतो. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ कुत्र्यांना लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात. तो मोकळ्या रानात ठीक, पिंजऱ्यात नको. आई, पहाटे धारा काढायला उठतेस तेव्हा लगेच दार उघडू नकोस. ती बिबट्याची फिरायची वेळ असते, चांगलं उजाडू दे.

घराभोवती तीस फूट जागा उघडी ठेवा, गजगवत आणि घाणेरी काढून टाका. ऊसतोडीच्या दिवसांत जास्त जपा, कारण आसरा गेला की जनावर वस्तीकडे सरकतं. फडात पिल्लं सापडली तर उचलून आणू नका, वनखात्याच्या १९२६ या फोन नंबरवर कळवा. वनखात्याची माणसं त्यांना त्याच जागी ठेवतात आणि मादी रात्री येऊन नेते. तारेत घरचा करंट सोडायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. त्यात माणूस मरतो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हाही आहे. सोलर दिवे लावा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. जनावराला ते काही दिवसांत सवयीचे होतात.

रात्री कुत्री एकदम पेटून भुंकली, किंवा भुंकता भुंकता अचानक गप्प झाली, तर दार उघडू नका. खिडकीतूनच बॅटरी मारा, ताट वाजवा, ओरडा. कुत्रं तोंडात धरलेलं दिसलं तरी सोडवायला धावू नका.

जखम झालीच तर बाहेरून चार भोकं दिसतात, आतलं मांस चिरडलेलं असतं. पट्टा काढा, स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरा. रक्त थांबलं की उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. हळद, रॉकेल, चुना काही नको. मानेची कातडी फुगून दाबल्यावर कुरकुरली तर श्वासनलिकेला भोक आहे, तिथे एक मिनिटही थांबू नका. जनावरांच्या डॉक्टरसाठी १९६२ या नंबरवर फोन करा. रेबीजची लस वेळेवर झालेली असली तरी चावल्यावर पुन्हा द्यावी लागते, ती मागून घ्या. डिस्टेंपरची लसही दरवर्षी द्या, तो रोग कुत्र्यांकडून बिबट्यांनाही लागतो.

नारायणगावच्या वेल्डरकडे जायच्या आधी खिडकीपासून कोपऱ्यापर्यंतचं माप घेऊन मला पाठवा. अँगल किती लागेल ते मी काढून देते, म्हणजे तो जास्तीचं वजन लावणार नाही.

तुमची,
मनू