गावाचे नाव नसलेला पाऊस

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातल्या साखळी गावचा रहिवासी असून एका उच्च माध्यमिक विद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. निवृत्तीनंतर माझ्या वयाचे लोक भजनी मंडळात रमतात किंवा कुळागराकडे लक्ष देतात. मला मात्र तारा जोडण्याचे जुने वेड असल्याने मी मागच्या पडवीत सोल्डरिंगचे सामान मांडून बसतो आणि त्यातून अधूनमधून एखादे उपयोगी यंत्रही तयार होते. अशाच एका यंत्रामुळे राजकीय बातम्या आणि चित्रफिती यांच्याविषयी माझ्या मनात जे विचार आले, ते आपल्या वृत्तपत्रातून वाचकांपुढे ठेवावेत म्हणून हे लिहीत आहे.

यंत्र म्हणजे पर्जन्यमापक. गच्चीवर ठेवलेल्या नरसाळ्यातून पावसाचे पाणी खाली एका सी-सॉसारख्या डोलणाऱ्या दोन छोट्या वाट्यांत पडते. एक वाटी भरली की ती कलंडून रिकामी होते आणि दुसरी नरसाळ्याखाली येते. वाट्यांना लावलेला चुंबक दर वेळी एका बारीक चुंबकीय स्विचसमोरून जातो आणि काहीशे रुपयांना मिळणारा ईएसपी३२ हा छोटा संगणक ती खूण मोजतो. माझ्या नरसाळ्याचे तोंड २०० चौरस सेंटिमीटरचे आहे. त्यामुळे ४ मिलिलिटर पाण्याने वाटी कलंडली, की ०.२ मिलिमीटर पाऊस पडला असे समजायचे. औषधाच्या सिरिंजने थेंब थेंब पाणी सोडून ते ४ मिलिलिटर जुळवण्यात माझे तीन दिवस गेले आणि घरच्यांच्या सहनशक्तीचीही परीक्षा झाली.

पहिल्या जोरदार पावसात यंत्राने ११८ मिलिमीटर पाऊस दाखवला. शेजारीच ताळा पाहण्यासाठी काचेची साधी मापनळी ठेवली होती, तीत जेमतेम ६० होते. दोष स्विचमध्ये होता. अशा स्विचच्या पात्या एकमेकींना चिकटताना काही सहस्रांश सेकंद थरथरतात आणि संगणक इतका चपळ असतो की तो एका कलंडण्याला दोन-तीन कलंडणी समजतो. उपाय जुना आणि सर्वांना माहीत असलेला आहे. एक खूण मिळाली की पुढचा थोडा वेळ आलेल्या खुणा मोजायच्या नाहीत, एवढे प्रोग्रॅममध्ये लिहायचे. ते लिहिल्यावर यंत्र आणि नळी यांचे जुळले.

तरीही हवामान खात्याच्या आकड्यांशी माझा आकडा जुळेना. साखळीत खात्याचे केंद्र आहे आणि पणजी, पेडणे, वाळपई, फोंडा, केपे, सांगे, काणकोण यांच्याबरोबर साखळीचाही पाऊस रोज जाहीर होतो. चूक माझीच होती. मी मध्यरात्री ते मध्यरात्र असा दिवस धरला होता आणि खाते सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असे चोवीस तास मोजते. वेळ बदलताच फरक नगण्य झाला. कोणत्या गावी, केव्हापासून केव्हापर्यंत आणि कशाने मोजला, हे सांगितल्याशिवाय पावसाचा आकडा कामाचा नसतो, हे प्रयोगशाळेत मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. निवृत्तीनंतर ते मला स्वतःच्या गच्चीवर पुन्हा शिकावे लागले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या वाड्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर एक चित्रफीत आली. तीत धरणाच्या दारांतून गढूळ पाण्याचे लोट कोसळत होते आणि खाली लिहिले होते की अंजुणे धरणाची सर्व दारे उघडली असून रात्रीपर्यंत साखळीचा बाजार पाण्याखाली जाईल. वाळवंटी नदीचे पाणी बाजारात शिरणे म्हणजे काय असते हे आम्हा साखळीकरांना सांगावे लागत नाही, आणि त्यासाठी पंप बसवलेले असले तरी अंजुण्याचे नाव ऐकले की दुकानदार अजूनही माल वरच्या फळीवर चढवतात. त्या दिवशी सकाळपासून माझ्या यंत्रात अवघा १४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अर्थात धरणाच्या पाणलोटात किती पडला हे साखळीतले यंत्र सांगू शकत नाही, म्हणून मी धरणाजवळच्या केरी-सत्तरीतल्या एका परिचितांना फोन केला. ते म्हणाले, ‘दारे होती तशीच आहेत, तुम्ही जेवून निजा.’ चित्रफितीत काठावर उभी असलेली बसही आपल्याकडची नव्हती.

ती फीत मला तासाभरात पाच समूहांवर मिळाली आणि पाच ठिकाणांहून आली म्हणजे खरीच असणार, असे शेजारचे गृहस्थ अगदी मनापासून म्हणाले. माझ्या थरथरत्या स्विचनेही हेच केले होते. कलंडणे एकच होते, त्याची नोंद अनेकदा झाली. पुढची गंमत अशी की सत्ताधारी पक्षाच्या समर्थकांनी ती ‘विरोधक कशी भीती पसरवतात’ या मथळ्याने पुढे पाठवली आणि विरोधकांच्या समर्थकांनी ‘प्रशासन झोपले आहे’ असे लिहून. ती फीत कोणत्या धरणाची आणि कोणत्या सालची, हे दोन्हींपैकी एकाही बाजूने विचारले नाही.

दुसरी गोष्ट व्हिडिओ गेमची. माझा नातू आठवीत आहे आणि सुट्टीत आम्ही दोघे मिळून गोडो नावाच्या मोफत, मुक्त सॉफ्टवेअरवर एक लहानसा खेळ तयार करत आहोत. त्यात नदीतून होडी न्यायची असते आणि पलीकडच्या काठावर फटाक्यांची आतषबाजी होते. फटाक्यांचा धूर काढण्याचे काम माझ्याकडे आले. धुराची एकच पुसट, गोलसर आकृती घेतात, तिच्या शेकडो प्रती सोडतात, प्रत्येकीला थोडा वेगळा वेग, आकार आणि आयुष्य देतात आणि शेवटी तिला पारदर्शक करून विरवतात. पाहणाऱ्याला हुबेहूब धूर वाटतो. पण आठवडाभर हेच काम केल्यावर डोळा असा तयार होतो, की खेळातला धूर कुठेही दिसला तरी त्या गोलसर प्रती ओळखू येतात आणि तो वाऱ्याने खऱ्या धुरासारखा फाटत नाही हेही लक्षात येते.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत क्षेपणास्त्रांच्या आणि विमाने पाडल्याच्या चित्रफितींचा पूर आला, तेव्हा त्यांतल्या काहींतला तसला धूर पाहून नातू म्हणाला, ‘आजोबा, हा तर गेम आहे.’ केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य तपासणी विभागानेही त्या दिवसांत काही फिती गेममधल्या असल्याचे आणि एक तर २०२० सालच्या बैरूतच्या स्फोटाची असल्याचे जाहीर केले होते. हा प्रकार नवा नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने अमेरिकेविरुद्ध ‘पुरावा’ म्हणून प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांत एक चित्र मोबाइलवरच्या गेमच्या जाहिरातीतले निघाले. सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीर खोऱ्यावर पाकिस्तानी विमाने हल्ला करत असल्याचे दृश्य म्हणून आपल्याच काही वृत्तवाहिन्यांनी ‘आर्मा ३’ या खेळातले दृश्य दाखवले.

हा ‘आर्मा ३’ प्रागच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीने २०१३ साली बाजारात आणला. त्यात खेळणाऱ्यांनी स्वतःची विमाने, गणवेश आणि प्रदेश घालावेत अशी सोय असल्याने जगातले कोणतेही युद्ध त्यात उभे करता येते आणि त्याचा गैरवापर सोपा होतो तोही त्यामुळेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या कंपनीनेच निवेदन काढून अशा फिती कशा ओळखाव्यात ते सांगितले. चित्र मुद्दाम अस्पष्ट केलेले असते, कॅमेरा हलता असतो, दृश्य बहुधा रात्रीचे असते, आवाज नसतो, चालतीबोलती माणसे फारशी दिसत नाहीत आणि धूर व स्फोट अनैसर्गिक वाटतात, अशी ती लक्षणे आहेत. आपल्या मालाची नक्कल कशी ओळखावी हे उत्पादक सांगतात, पण आपला माल खरा समजू नका असे सांगण्याची वेळ या एकाच धंद्यावर आली असावी.

यात खेळाचा काही दोष नाही. खेळ स्वतःला खेळच म्हणवतो. पडद्याच्या कोपऱ्यात गोळ्यांचा आकडा आणि नकाशा दाखवतो. तो कोपरा कापून टाकणारा माणूस लबाड असतो. आपल्याकडे मात्र व्हिडिओ गेम म्हटले की पालकांच्या कपाळावर आठ्या पडतात. मांडवीत कॅसिनोची जहाजे नांगरून ठेवलेल्या आणि जुगाराच्या धंद्यालाच ‘गेमिंग’ म्हणणाऱ्या राज्यात हा गोंधळ समजण्याजोगा आहे. केंद्राच्या २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, वेगळे ठेवले, हे त्या दृष्टीने बरे झाले.

पूर्वीची माध्यमे निःपक्षपाती होती आणि आताची बिघडली, असे रडगाणे मला गायचे नाही. आपल्या गोव्यात तर ते कुणालाच गाता येणार नाही. पोर्तुगीज राजवटीत एमिसोरा दि गोवा ही नभोवाणी सरकारची बाजू सांगत असे आणि नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे सीमेपलीकडच्या रानातून गुप्त नभोवाणी केंद्र चालवून तिचे खंडन करत. ऐकणाऱ्याला कोणता आवाज कोणाचा हे ठाऊक होते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी मी मराठी प्राथमिक शाळेत होतो. ‘गोमन्तक’ हे दैनिक गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने आणि ‘राष्ट्रमत’ हे दैनिक विरोधात, आणि विशेष म्हणजे दोन्ही मराठीत, अशी ती लढत होती. आमच्या घरी एक पत्र येई आणि दुसरे वडील शेजाऱ्यांकडून मागून आणत. फूल ही विलीनीकरणाची आणि दोन पाने ही विरोधाची निशाणी होती. फुलाची बाजू फुलवाल्यांकडून आणि दोन पानांची पानवाल्यांकडून ऐकावी, असे ते म्हणत. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली, तेव्हा हरलेल्यांनाही आपण कोणाचे काय वाचून मत दिले हे सांगता येत होते. त्या पत्रांत पक्षपात होता आणि कडवाही होता, पण त्याखाली छापखान्याचा पत्ता होता. चूक झाली तर तिथे जाऊन भांडता येत असे, आणि लोक भांडतही.

आजच्या चित्रफितीचा पत्ता वाटेतच पुसला जातो, आणि हे मी अलंकाराने म्हणत नाही. मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि परवानगी दिलेली असल्यास ठिकाणही नोंदलेले असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून ते नेहमीच्या पद्धतीने पाठवले की ही नोंद गळते आणि चित्रही कमी स्पष्ट होते. खासगी जीवनाच्या दृष्टीने ते योग्यच आहे, कारण आपल्या घरातल्या मुलांच्या छायाचित्रातून घराचे ठिकाण परक्याला कळू नये. मात्र त्याच सोयीमुळे कुठल्या तरी राज्यातले जुने धरण एका संध्याकाळी अंजुण्याचे होऊ शकते. ‘अनेकदा पुढे पाठवलेला’ अशी दुहेरी बाणाची खूण संदेशावर उमटते, ती इशारा म्हणून दिलेली असते. आमच्या वाड्यावर तिला लोकप्रियतेचे प्रमाणपत्र समजतात.

या सगळ्यावर सरकारने आणखी एखादा कायदा करावा असे मला वाटत नाही, कारण खरे-खोटे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती जाईल त्याची स्वतःचीही एक बाजू असतेच. माझी सूचना लहान आहे. राज्य सरकारच्या केअर्स योजनेखाली सहावी ते आठवीच्या मुलांना शाळेत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवले जाते. योजना चांगली आहे आणि माझ्या नातवाला त्यातूनच गोडी लागली. त्या तासांपैकी दोन तास मुलांना पडद्यावरचा धूर आणि पूर बनवायला द्यावेत, आणि पुढच्या दोन तासांत समूहावर आलेले एखादे चित्र उलट शोधाने, म्हणजे शब्दांऐवजी ते चित्रच इंटरनेटवर शोधायला देऊन, मूळ कुठे प्रसिद्ध झाले ते हुडकायला लावावे. हे मोबाइलवर मोफत करता येते आणि मला स्वतःला ते नातवाने दहा मिनिटांत शिकवले. वर्गासाठी चित्रे निवडताना शिक्षकांनी सर्व पक्षांची घ्यावीत, नाहीतर पालक दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहतील.

आपल्या पत्राकडेही दोन मागण्या आहेत. व्हायरल चित्रफितीवर बातमी देताना ‘सोशल मीडियावर फिरत असलेली’ एवढ्यावर न थांबता ती प्रथम कुठे आणि कधी आढळली आणि वार्ताहराने कोणाकडे खातरजमा केली, हे एका ओळीत छापावे. खातरजमा झाली नसेल तर तसेही छापावे. दुसरी मागणी माझ्या छंदाशी संबंधित असल्याने वाचकांना क्षुल्लक वाटेल. पावसाळ्यात आपण ‘राज्यात चोवीस तासांत अमुक इंच पाऊस’ असे देता, तेव्हा तो कोणत्या केंद्रावरचा हे पुष्कळदा लिहिलेले नसते. वाळपईला धो धो कोसळत असताना मुरगावात ऊन असू शकते. केंद्राचे नाव आणि ‘सकाळी साडेआठपर्यंत’ हे दोन शब्द घातले तर मला रोज सकाळी माझे यंत्र आपल्या पत्राशी ताडून पाहता येईल. गेल्या जुलैत सलग चार दिवस आपला आकडा माझ्यापेक्षा फार जास्त होता, आणि चूक माझ्या स्विचची की तो पाऊस साखळीचा नव्हताच, हे मला अजून कळलेले नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक,
साखळी, गोवा